फ्रँक ग्रँटची निवड खेळावर की भरपाई म्हणून?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत क्लिफ्टनजवळ राहतो. इथल्या ईस्ट रिजलॉन दफनभूमीत फ्रँक ग्रँट या जुन्या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूला पुरलं आहे. मुलाच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी त्याची माहिती काढली. मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा, एकही सामना तो खेळला नाही, तरी २००६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनात घेतलं. धड आकडे आहेत ते मोजक्याच मोसमांचे. मग ही निवड खेळावर झाली की अन्यायाची भरपाई म्हणून? आणि अलीकडे निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे अधिकृत धरले गेले, त्यात तो येतो का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : खेळावर. २००६ मध्ये समितीने एका दमात सतरा जणांना आत घेतलं, तेव्हा तुमची शंका अगदीच अस्थानी नाही. पण त्या सतरांत ज्यांच्याबद्दल मी हुज्जत घालणार नाही, त्यांत ग्रँट आहे.

क्लब क्रिकेटची स्कोअरबुकं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे आधी आकड्यांकडे वळतो. ग्रँटचा जन्म १८६५ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. १८८६ मध्ये मेरिडनचा संघ मोसमाच्या मध्यात बंद पडला आणि तो बफेलोला आला. तिथल्या एका वर्तमानपत्राने त्याची ओळख ‘स्पॅनिश’ म्हणून करून दिली. बफेलो खेळत होतं त्या इंटरनॅशनल लीगच्या वर फक्त मेजर लीग. तिथे सेकंड बेस (दुसऱ्या बेसजवळची क्षेत्ररक्षणाची जागा) सांभाळत त्याने पहिल्या मोसमात ०.३४४ ची सरासरी (फलंदाजीच्या दर संधीमागे यशस्वी फटके, म्हणजे हिट) काढली, पुढच्या वर्षी ०.३५३ आणि १८८८ मध्ये ०.३४६. बेसबॉलमध्ये ०.३०० पार करणारा फलंदाज आजही चांगला म्हणतात. समोरचे गोलंदाज जवळजवळ सगळे गोरे, आणि त्यांतले बरेच मेजर लीगमध्ये जाऊन-येऊन असलेले.

आता या तिघांतला सगळ्यांत देखणा आकडा मी बाजूला काढतो. १८८७ मध्ये मेजर लीगने एक विचित्र प्रयोग केला होता. चेंडू बाहेर पडत राहिल्यामुळे फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळाला, तरी तो हिट धरायचा आणि बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू). एका वर्षात प्रयोग गुंडाळला, पण त्या वर्षीची कुठलीही सरासरी फुगलेली असू शकते. म्हणून ०.३५३ वर मी पैज लावणार नाही. लावायची गरजही नाही. त्याच्या आधीचा आणि नंतरचा मोसम पुरेसे बोलके आहेत.

खरी अडचण क्षेत्ररक्षणाची. सेकंड बेसवाल्याचं एक मोठं काम म्हणजे पळत येणाऱ्याला चेंडू टेकवून बाद करणं, आणि ग्रँटच्या अंगावर येणारे लोक बेस गाठायला येतच नसत, बुटांचे खिळे त्याच्या नडग्यांत घुसवायला येत. १८८९ मध्ये याच लीगच्या एका गोऱ्या खेळाडूने वर्तमानपत्राला हे उघड सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की बड फाउलर हा दुसरा कृष्णवर्णीय सेकंड बेसमन नडग्यांना लाकडी पट्ट्या बांधून खेळे आणि धावणारा जवळ आला की मुद्दाम चेंडू सोडून देई. ग्रँटची तीच गत. शेवटी तो आतली जागा सोडून राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात उजवीकडे, गेला. वर हेही, की निम्मे गोलंदाज या खेळाडूंना चेंडू मारायलाच बघत.

स्कोअरर इथे काय लिहील? सोडलेला चेंडू म्हणजे एरर. कारण लिहायला वहीत रकाना नसतो. त्यामुळे ग्रँटच्या नावावरच्या चुकांची गोळाबेरीज करून कोणी त्याला क्षेत्ररक्षक म्हणून तोलू लागला तर मी ती वही मिटतो. त्यापेक्षा सोल व्हाइटची साक्ष मला जड वाटते. तो स्वतः इनफिल्डर (बेसजवळच्या आतल्या जागांवर खेळणारा), ग्रँटच्या बरोबर खेळलेला आणि १९०७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचा पहिला इतिहास लिहिणारा. ग्रँटचं क्षेत्ररक्षण जवळपास अशक्यातलं होतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मित्राची साक्ष म्हणून थोडी वजावट करा, हरकत नाही. पण बफेलोचे लोक त्याला ‘ब्लॅक डनलॅप’ म्हणत. फ्रेड डनलॅप हा तेव्हाचा नावाजलेला, भरपूर पगार घेणारा गोरा सेकंड बेसमन. त्या लोकांना ग्रँटची स्तुती करून काही मिळणार नव्हतं. अर्थात, डनलॅपपेक्षा ग्रँट सरस होता असं कोणी छातीठोक सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

लाकडी पट्ट्यांची गोष्ट बऱ्याचदा ग्रँटच्या नावावर सांगतात. ती पसरली शिकागोच्या नेड विल्यमसन या खेळाडूमुळे. त्याने १८९१ मध्ये बफेलोच्या सेकंड बेसमनबद्दल ती रंगवून सांगितली, पण तो त्या लीगमध्ये नव्हता. मुलाने प्रकल्पात पट्ट्या फाउलरच्या पायांत ठेवाव्यात.

दार बंद झालं ती तारीख मात्र पक्की आहे. १४ जुलै १८८७ रोजी बफेलोतच लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. जुने राहिले म्हणून ग्रँटला १८८८ मिळालं. त्या वर्षी संघातल्या सोबत्यांनी त्याच्याबरोबर फोटोला बसायला नकार दिला. नंतर तो मुख्यतः क्युबन जायंट्ससारख्या कृष्णवर्णीय संघांत खेळला, शेवटी १९०३ पर्यंत फिलाडेल्फिया जायंट्समध्ये. १८९० मध्ये त्याच्या करारावरून यॉर्क आणि हॅरिसबर्ग हे क्लब कोर्टात गेले. सामान्य खेळाडूसाठी कोणी वकिलाची फी भरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. २०२० मध्ये मेजर लीगचा दर्जा मिळाला तो १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना. २०२४ मध्ये ते आकडे मूळ नोंदीत मिसळले आणि निग्रो लीगचा फलंदाज जॉश गिब्सन ०.३७२ सरासरीने सर्वांच्या वर गेला. ग्रँटचा खेळ त्याआधीचा, त्याच्या खात्यात काही जमा झालं नाही. मुलाला तक्ता करायचाच असेल तर आधुनिक मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याचा १९४६ चा मॉन्ट्रियल संघाकडचा मोसम शेजारी ठेवा. परंपरा इंटरनॅशनल लीगचीच, जागा सेकंड बेस, सरासरी ०.३४९. ग्रँटची १८८७ ची ओळ वेगळ्या रंगात लिहा आणि खाली चार स्ट्राइकची तळटीप द्या. शिक्षक विचारतीलच.