फिलिपिनो क्रूबरोबर पहिल्यांदा शिपवर चाललोय, हे लोक कुठले खेळ बघतात?

तू लिहिलंयस की डेक कॅडेट म्हणून पहिलंच जॉइनिंग आहे, ऑफिसर्स निम्मे आपले, क्रू अख्खा फिलिपिनो, मेसमध्ये बसल्यावर यांच्याशी बोलायचं काय आणि क्रिकेट चालेल का. क्रिकेट नाही चालणार. मी इंजिनला आहे, बरीच वर्षं यांच्याबरोबर सेलिंग करतोय आणि आजवर एकाही ऑइलरला (इंजिन रूममधल्या कामगाराला) एलबीडब्ल्यू समजावता आलेलं नाही. ऐकून घेतात बिचारे, हसून मान डोलावतात आणि परत बास्केटबॉलवर येतात.

तर तेच, बास्केटबॉल. अमेरिकन राजवटीत हा खेळ तिकडे गेला आणि असा मुरला की गल्लीगल्लीत, अगदी विजेच्या खांबालाही रिंग ठोकलेली असते आणि पोरं साध्या स्लिपर घालून खेळतात. शिपवरसुद्धा हेच. बऱ्याच शिपवर पूप डेकवर, म्हणजे मागच्या डेकवर, नाहीतर रिकाम्या होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या जागेत, रिंग दिसेलच, नसली तर फिटर राउंड बार वाकवून वेल्ड करून देतो, मागे प्लायवूड, आणि जाळी म्हणून जुन्या हीव्हिंग लाइनचे (किनाऱ्यावर फेकायच्या दोरीचे) धागे सोडवून विणलेले, ते काम बोसन (डेकवरच्या क्रूचा मुकादम) स्वतः करतो आणि कुणाला हात लावू देत नाही. शिप रोल होत असताना खेळायचं म्हणजे रिंग आधी तुझ्याकडे येते मग लांब जाते, यांना त्याचं काही वाटत नाही, रोलच्या हिशोबाने शॉट मारतात. बॉल समुद्रात गेला तर मात्र त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शांतता.

आता बघतात काय. अमेरिकेची एनबीए बघतातच, पण जीव आहे तो पीबीएवर, म्हणजे यांच्या घरच्या लीगवर. १९७५ साली सुरू झाली, आशियातली पहिली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. आपल्याला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे टीम शहरांच्या नाहीतच, कंपन्यांच्या आहेत. एक टीम बिअरची, एक जिनची, एक रंगाच्या डब्यांची, एक लाइट कंपनीची. मेराल्को म्हणजे मनिलाची वीज कंपनी, तिची टीम मेराल्को बोल्ट्स. म्हणजे दर महिन्याला ज्यांचं बिल बघून शिव्या घालायच्या त्यांच्यासाठीच टाळ्या वाजवायच्या. आणि सगळ्यात जास्त पब्लिक कुणाच्या मागे असेल तर जिनवाल्यांच्या, बारांगाय हिनेब्रा (बारांगाय म्हणजे वस्ती). रॉबर्ट जावोर्स्की नावाचा त्यांचा जुना प्लेइंग कोच होता, त्याच्यापासून 'नेव्हर से डाय' हे टीमचं ब्रीद झालं. तो माणूस पुढे १९९८ ला सिनेटर झाला, यावरून त्याची लोकप्रियता काय होती ते समज.

हिनेब्राच्या माणसाला फक्त एवढं विचार की २०१६ ची फायनल बघितलीस का. पीबीएचा गव्हर्नर्स कप, सहावी मॅच, समोर तीच लाइट कंपनी, स्कोअर बरोबरीत, आणि शेवटच्या क्षणी जस्टिन ब्राउनलीने थ्री पॉइंटर टाकला, ९१-८८. आठ वर्षांनी टायटल आलं. आमच्या चीफ कुकने हा किस्सा मला किती वेळा ऐकवलाय सांगता येत नाही, आणि दर वेळी हातात झारा धरून तो शॉट करून दाखवतो. ब्राउनली मुळात अमेरिकन इम्पोर्ट, म्हणजे बाहेरून आणलेला खेळाडू, पण लोकांनी त्याला इतकं आपलं केलं की २०२३ ला त्याला फिलिपिन्सचं नागरिकत्वच दिलं. त्याच वर्षी हांगझोच्या एशियन गेम्सच्या सेमीफायनलला चीनविरुद्ध फिलिपिन्सची नॅशनल टीम २० पॉइंटनी मागे होती, शेवटी ७७-७६ ने जिंकली, ते शेवटचे दोन थ्रीही याचेच. मग फायनलला जॉर्डनला ७०-६० ने हरवून गोल्ड घेतलं, १९६२ नंतरचं पहिलं. या नॅशनल टीमला गिलास म्हणतात, हे नाव लक्षात ठेव. आणि २०२३ च्या बास्केटबॉल वर्ल्ड कपला फिलिपिन अरेनात पहिल्याच दिवशी ३८,११५ लोक आले होते, वर्ल्ड कपचा रेकॉर्ड आहे तो, आणि टीम तर त्या दिवशी डॉमिनिकन रिपब्लिककडून हरली. पण तो आकडा सांगताना यांची छाती फुगते. मला विचारशील तर या लोकांचं फॅन असणं जिंकण्यावर अवलंबून नाहीये, आपल्याकडे वर्ल्ड कप हरलो की टीव्ही फोडायला निघतात तसं मी यांच्यात पाहिलं नाही.

एक सूचना, उंचीवरून जोक मारू नकोस. आपल्या लोकांना खाज असते, 'एवढीशी उंची आणि बास्केटबॉल कसा खेळता रे'. ते हसतील, पण नंतर तुला पास देणार नाहीत.

मेसमध्ये कधी भिंतीवर दहा बाय दहा चौकोनांचा कागद दिसेल, प्रत्येक चौकोनात नाव लिहिलेलं. याला एंडिंग म्हणतात. दोन्ही टीमच्या फायनल स्कोअरचा शेवटचा आकडा जुळला की पैसे, थोडक्यात मटकाच. त्यामुळे एखादी टीम २५ पॉइंटनी पुढे असली तरी शेवटच्या फ्री थ्रोला सगळी मेस उभी, कारण कुणाचं तरी नशीब त्या एका पॉइंटवर अडकलेलं असतं. घरी ते बेकायदा आहे आणि शिपवरही जुगार चालत नाही, तू कॅडेट आहेस, लांबून बघ.

दुसरी गोष्ट मोबाइल लेजेंड्स. तुला हा गेम माहीत नसेल कारण जून २०२० ला ज्या ५९ चायनीज ॲप्सवर आपल्याकडे बंदी आली त्यात हा पण गेला, आणि आपली पोरं पबजी, मग बीजीएमआय करत राहिली. तिकडे मात्र ट्रायसिकलवाल्यापासून कॉलेजच्या पोरीपर्यंत सगळे हाच खेळतात. पाच विरुद्ध पाच, समोरच्याचे टॉवर पाडत जायचं आणि बेस फोडायचा, पंधरा-वीस मिनिटांत मॅच संपते, साध्या फोनवर चालतो. वॉच (ड्युटी) संपली की केबिनमधून जो आरडाओरडा ऐकू येतो तो भांडणाचा नसतो, पिंग वाढलेला असतो, म्हणजे नेट मागे पडत असतं. हल्ली शिपवर नेट बरं झाल्यापासून हे फार वाढलंय.

आणि यात हे लोक खरोखर जगात भारी आहेत. दरवर्षीचा मोठा कप असतो त्याला एम-सिरीज म्हणतात, त्यात एम टू पासून एम सिक्सपर्यंत सलग पाच वेळा फिलिपिन्सचीच टीम जिंकली. ब्रेन, ब्लॅकलिस्ट, एको, परत ब्रेन, मग ओनिकची फिलिपिन्सची टीम. एम थ्री आणि एम फोरला तर फायनलच्या दोन्ही टीम यांच्याच. ब्लॅकलिस्टमध्ये व्हीनस आणि वाइज ही जोडी होती, यांची स्ट्रॅटेजी म्हणजे हीलिंग करणारा हिरो (गेममधलं पात्र) घेऊन सगळी टीम एकत्र चिकटून राहायची आणि समोरच्याला दमवून मारायचं, त्यावर अजूनही मेसमध्ये वाद होतात की ते खेळणं भारी होतं की कंटाळवाणं. माझं मत, कंटाळवाणं, पण हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं वैर इंडोनेशियाशी. २०२३ डिसेंबरला मनिलातच एम फाइव्हची फायनल झाली, ब्रेनने ओनिकच्याच इंडोनेशियाच्या टीमला ४-३ ने हरवलं. तुझ्या शिपवर एखादा इंडोनेशियन असेल तर हा विषय त्याच्यासमोर काढू नकोस, किंवा मजा बघायची असेल तर काढ.

बॉक्सिंग म्हणजे पॅक्याव. व्हेगासला शनिवारी रात्री फाइट म्हणजे तिकडे रविवार सकाळ, रस्ते ओस, बारांगायच्या जिममध्ये पडदा लावून फुकट दाखवायचे. २०१५ ला मेवेदरकडून हरला ते आजही मान्य करत नाहीत, त्यावर वाद घालायचा नाही. पण मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, हा आठ वजनी गटांत वर्ल्ड चॅम्पियन झालेला माणूस, जेमतेम साडेपाच फूट, बास्केटबॉलचा इतका वेडा की २०१४ ला पीबीएत किआच्या टीमचा कोच झाला आणि स्वतः मैदानातही उतरला, आणि पुढे स्वतःची लीगच काढली. म्हणजे फिरून सगळं तिथेच येतं. जुन्या लोकांसमोर अली-फ्रेझरची मनिलातली फाइट काढ, १९७५, अरानेटा कोलिसियम, शेजारी अलीच्या नावाचा मॉलच आहे.

बाकी पटकन सांगतो. व्हॉलीबॉल मुलींचा जोरात आहे, क्रीमलाइन म्हणजे आइस्क्रीमची टीम आणि आलिसा वाल्देझ, ज्याला मुलगी आहे त्याला हे विचार. टेनिसमध्ये ॲलेक्स ईआला, २०२५ च्या मायामी ओपनला वीसही पूर्ण नसताना श्विऑन्टेकला हरवून सेमीला गेली. जिम्नॅस्टिक्सचा कार्लोस युलो, पॅरिसला दोन गोल्ड. आणि २०२१ ची हिडिलिन डियाझ, वेटलिफ्टिंग, देशाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक गोल्ड. फुटबॉलचं वेड कमी, तरी २०२३ च्या वर्ल्ड कपला यांच्या मुलींनी न्यूझीलंडला त्यांच्याच घरी हरवलं होतं, एवढं माहीत असू दे.

पण खरा इव्हेंट टीव्हीवरचा नाहीच, तो गावचा. उन्हाळ्यात बारांगायची लीग असते, ओपनिंगला सगळ्या टीमची परेड, पुढे प्रत्येक टीमची नटवलेली म्यूज, म्हणजे टीमची शोभा म्हणून चालणारी मुलगी, आणि जर्सीवर मागे कौन्सिलरचं नाव. सीमन घरी आलाय म्हटल्यावर जर्सीचा खर्च त्याच्या गळ्यात पडतो. आमच्या एका बोसनला मी विचारलं, एवढे पैसे कशाला घालतोस, तर त्याने फोनवर फोटो काढून दाखवला, पंधरा पोरं रांगेत पाठमोरी उभी आणि सगळ्यांच्या पाठीवर याचंच आडनाव. एप्रिल-मेमध्ये साइन ऑफ (घरी जायची सुटका) मिळावा म्हणून जे कॅप्टनच्या मागे लागतात त्यातल्या निम्म्यांचं कारण हेच असतं.

बॅगेत जागा असेल तर चांगल्या ग्रिपचे स्पोर्ट शूज टाक, सेफ्टी शूज घालून खेळू देत नाहीत आणि डेक ओला असतो. उंच असशील तर पहिल्याच रविवारी सेंटरला उभा करतील, येत नाही म्हणून सांगितलंस तरी.