माळावर रंगवायचं काय?

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटाला असतो. मुलगी इथेच जन्मली, वाढली. फ्लिंट हिल्सच्या गवताळ माळांवर तिचा भारी जीव. ॲक्रिलिकमध्ये सतत तेच रंगवते, पण चित्र रिकामं वाटतं. वर निळं, खाली हिरवं. एखादं घर, एखादी गाय घाल म्हटलं तर ऐकत नाही. काय सांगू तिला?
– एक आई, विचिटा

उत्तर: ताई, गाय घालायचा आग्रह सोडा. नुसता माळ जिला पुरतो, तिला तिचा विषय सापडला आहे. अडलंय ते हिरव्या रंगापाशी.

त्या भागात मी ऑक्टोबरात चित्रं काढली आहेत. तेव्हा हिरवं शोधावं लागतं. लिटल ब्लूस्टेम नावाचं गवत तांबूस-केशरी झालेलं असतं. वाकून बघितलं की बुडाशी जांभळट झाक दिसते, काडीवर बियांची पांढरी लव. सूर्य समोर असला की ती लव अशी उजळते की बघत राहावं. म्हणून कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पातळ हात देऊन वाळू द्यावा. मग एकेक पातं काढत बसू नये, पात्यांमधला अंधार रंगवावा. गवत आपोआप उभं राहतं.

क्षितिज खाली ठेवा, आकाश मोठं घ्या, असं सगळेच सांगतात. पश्चिम कॅन्ससच्या सपाटीला ते शोभतं. फ्लिंट हिल्सना चढउतार आहेत. तिथे मी क्षितिज वरच घेईन. मग टेकाडामागून टेकाड येतं, मध्येच चुनखडीचा पांढुरका पट्टा डोकावतो. तो पट्टा तिने मन लावून रंगवावा. या चुनखडीत गारगोटी ठासून भरलेली आहे, तिथे नांगर चालला नाही, म्हणून तर हे गवत वाचलं. उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या उंच गवताच्या माळांपैकी ४ टक्केही आज उरलेले नाहीत, आणि उरलेत त्यातले बरेचसे तुमच्या मुलीच्या अंगणात आहेत.

कॅन्ससमधल्याच लिंड्सबर्ग गावात चित्रकार बिर्गर सांडझेन यांच्या चित्रांची गॅलरी आहे, तिथे तिला न्याच. सांडझेन स्वीडनहून १८९४ साली तिथल्या बेथनी कॉलेजात शिकवायला आले आणि १९५४ साली वारले ते तिथेच. रंगाचे जाड फटकारे, सावल्या निळ्या-जांभळ्या. एक चित्र आधी अगदी जवळून पाहू दे, मग दहा पावलं मागून.

मार्च-एप्रिलमध्ये गुरांच्या चाऱ्यासाठी तिथले माळ जाळतात. आपल्याकडे राब भाजतात ना, तशीच जमीन काळी होते, आणि थोड्याच दिवसांत त्यातून कोवळं गवत वर येतं. हिरवा रंग वापरायचा तर तेव्हा, पण ट्यूबमधला थेट नको. लेमन यलोत थोडा अल्ट्रामरीन निळा घालून तिने स्वतः करावा. आग चालू असताना मात्र जाऊ नका. धूर पार बसला की जा, आणि कुंपणाबाहेर रस्त्याकडेलाच ईझल लावा. बहुतेक माळ खासगी मालकीचे आहेत.