इमारतीची मालकी त्रिमितीत: सुरुवात एका मजल्यापासून

इमारतीत कुणाची मालकी कुठे, ते संगणकावर त्रिमितीत दाखवायचंय? मग ठाण्याचा आख्खा घोडबंदर रोड उभा करायच्या नादाला लागू नका. आपल्याच सोसायटीचा एक मजला घ्या. मंजूर नकाशा, करारनामा आणि मालमत्ता पत्रक समोर हवंच. उपग्रहचित्रावरून रेघा मारू नका. टॉवरचं छप्पर तिथे बऱ्याचदा कललेलं दिसतं.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

- इमारत काढतात, मालकी नाही. फ्लॅट एका थरात. जिना, लिफ्ट, गच्ची दुसऱ्यात. रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) चटई क्षेत्रात घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे तुमच्या फ्लॅटचा ठोकळा नेमका कुठे संपतो, ते आधी ठरवा. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं) फ्लॅटच्या ठोकळ्यात घालू नका, कुणाचं ते करारनाम्यात बघा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सुटं विकता येत नाही असं म्हटलं होतं, पण महारेराच्या नियमांत छताखालचं पार्किंग विकता येतं.
- नकाशा अंशांत, उंची मीटरमध्ये! मग इमारत सुईसारखी आभाळात जाते. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी पद्धत निवडा, ठाणे-नवी मुंबईला तेच लागतं.

वाशी-नेरूळकडचे असाल तर आणखी एक थर: सिडकोच्या भूखंडांची जमीन बहुधा भाडेपट्ट्याची असते, तिला फ्लॅटचा रंग देऊ नका.

टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), आयएसओ १९१५२ (जमीन-नोंदींचं आंतरराष्ट्रीय मानक) वगैरे सध्या राहू द्या. एक मजला जमला की दाखवा, मग तळघरात उतरू.