गंगापूर धरणात पोहणाऱ्याने शिडाच्या होडीतून समुद्रात जाताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही विचारलंय की धरणात चांगलं पोहता येतं, मित्राच्या छोट्या शिडाच्या होडीतून मुंबईजवळ जाणार आहात, तर बिघाड झाल्यावर पोहून किनारा गाठता येईल का.

नाही. हा विचार आधी डोक्यातून काढा. मीही नाशिकचीच, गंगापूरलाच पोहायला शिकले, म्हणून कळकळीने सांगते. धरणाचं पाणी जागेवर असतं. समुद्रात ओहोटी लागली की पाणीच चालू लागतं. दोन नॉटची ओढ म्हणजे ताशी ३.७ किलोमीटर. तुमच्या-माझ्यासारख्याचा पोहण्याचा वेग याहून कमी असतो, त्यामुळे आपण हात मारत राहतो आणि किनारा लांब जात राहतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अलिबागजवळच्या मांडव्याहून परतताना आमच्या होडीचं सुकाणू निखळलं. पिन झिजून तुटली होती. दुपारचा वायव्येचा वारा वाढलेला, त्यात ओहोटी. होडी स्वतःच फिरायची आणि शिडाखालचा आडवा दांडा सपकन डोक्यावरून जायचा. मामेभाऊ म्हणाला, "ताई, ती मच्छीमार बोट जवळच आहे, मी पोहून जातो." लाइफ जॅकेटचा बंद सोडायलाही लागला. आम्हाला होडी चालवायला शिकवणारे सर ओरडले नाहीत. शीड उतरवायची दोरी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी हे खाली घे."

शीड उतरलं, मग नांगर टाकला. तिथे पाणी सहा-सात मीटर होतं. दोर खोलीच्या पाचपट तरी सोडावा लागतो, नाहीतर नांगर तळावर घासत येतो. (मोठ्या जहाजांच्या वाटेवर मात्र नांगर टाकू नका.) होडीने वाऱ्याकडे तोंड केलं. आदळत होतीच, पण आपण वाहून जात नाही हे कळल्यावर डोकं चालायला लागलं. मग सरांनी व्हीएचएफवर (होडीवरचा रेडिओ) चॅनेल १६, म्हणजे आणीबाणीचा चॅनेल, लावून तीनदा "पॅन-पॅन" (मदत हवी, पण जीव लगेच धोक्यात नाही) म्हटलं, होडीचं नाव, ठिकाण, काय तुटलं आणि माणसं किती ते सांगितलं. जीव लगेच धोक्यात असेल तर "मेडे" म्हणायचं, तेही तीनदा. थोड्या वेळात त्याच मच्छीमार बोटीचा तांडेल (बोटीचा प्रमुख) स्वतःहून आला. ओढून नेण्यासाठी दोर डोलकाठीच्या बुडाशी बांधला. नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची, छोटी कडी तेवढा ताण घेत नाही.

होडी उलटली तरी हेच: तिला धरून राहा. पाण्यात एकटं डोकं दूरवरून दिसत नाही, उलटी होडी दिसते. कुणी पाण्यात पडलं तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हटवायची नाही, दुसरं कुठलंही काम करायचं नाही. लाटांमध्ये माणूस क्षणात हरवतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या होडीची डोलकाठी मोडली, पाठीला मोठी दुखापत झाली, हलता येईना. ते होडीतच राहिले, ठिकाण कळवणारं यंत्र चालू होतं, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच बोटीने त्यांना सोडवलं. मला हे वारंवार आठवतं.

नाशिकला बसूनही बरीच तयारी होते. बोलाइनची गाठ (न आवळणारा फास करणारी) डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधा. तरणतलावात परवानगी घेऊन कपडे आणि जॅकेट घालून उतरा, मग काठावर चढून बघा; किती जड जातं ते कळेल. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी लिहून घ्या. पावसाळ्यात मुळीच जाऊ नका. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. आणि घरी कुणाला तरी परतायची वेळ सांगून जा. त्या वेळेनंतर तासाभरात तुमचा फोन आला नाही आणि लागलाही नाही, तर त्यांनी १५५४ ला कळवायचं, हे निघण्याआधीच ठरवून घ्या.