विद्यापीठाच्या आवारातली विद्युत यंत्रणा जीपीएस-जीआयएसने नकाशावर कशी आणावी? मोबाइलचं जीपीएस पुरेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: आवार मोठं आणि जुनं आहे, सबस्टेशनपासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत सगळं जीआयएसमध्ये, म्हणजे प्रत्येक वस्तूची माहिती जोडलेल्या संगणकीय नकाशावर हवंय, हाताशी दोन-तीन विद्यार्थी आणि त्यांचे मोबाइल आहेत, आणि सुरुवात कुठून करावी ते समजत नाहीये. मी एका विद्यापीठाच्या विद्युत विभागात अभियंता आहे आणि हेच काम आमच्याकडे केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिव्यांच्या खांबांना मोबाइल पुरेल. फीडर पिलरला, म्हणजे पुढच्या केबलींना वीज वाटणाऱ्या पेटीला, जेमतेम. जमिनीखालच्या केबलला अजिबात नाही. पण खरी गोष्ट अशी की जीपीएस हा या कामातला सोपा भाग आहे. कुठली वस्तू कुठे आहे हे थोड्या दिवसांत होऊन जातं. तिला वीज कुठून येते आणि तिच्यापुढे कुठे जाते, हे शोधताना दमछाक होते. हे दुसरं नसेल, तर तुमच्याकडे ठिपक्यांचं सुंदर चित्र असेल आणि रात्री हॉस्टेल अंधारात गेल्यावर त्याचा काडीचा उपयोग होणार नाही.

आधी जीपीएसचं उरकते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. मोठ्या झाडांखाली किंवा दोन उंच इमारतींच्या बोळात ती सहज दहाच्या पुढे जाते, कारण संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतो. ट्रान्सफॉर्मरजवळ विजेमुळे जीपीएस बिघडतं असं काही जण छातीठोकपणे सांगतील. त्याकडे लक्ष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मोबाइलचा कंपास मात्र लोखंडापाशी भरकटतो, त्यामुळे दिशेवर विसंबू नका.

भिंतीला चिकटून असलेल्या पिलरसाठी मी सरळ टेप काढते. इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून पिलरपर्यंतची अंतरं मोजायची आणि क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये त्या दोन अंतरांची वर्तुळं जिथे छेदतात तिथे बिंदू ठेवायचा. इमारतींचा आराखडा नीट बसवलेला असेल तर हे मोबाइलपेक्षा कितीतरी अचूक येतं. सेंटिमीटरची अचूकता हवी तिथे आरटीके रिसीव्हर (स्थिर स्टेशनाकडून चुकीची दुरुस्ती घेणारं जीपीएस यंत्र) भाड्याने घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स स्टेशनांचं, म्हणजे अशा कायम चालू असलेल्या स्थिर स्टेशनांचं जाळं महाराष्ट्रात आहे, नोंदणी केली की इंटरनेटवरून ही दुरुस्ती मिळते. पण आरटीके सगळ्या खांबांवर फिरवत बसू नका. नवीन केबलसाठी चर खोदलाय आणि अजून बुजवलेला नाही, ती त्याची खरी वेळ.

उपग्रहचित्रावर बघून बिंदू सरकवायचा मोह होईल. ती चित्रंही काही मीटर सरकलेली असू शकतात, आधी चार-पाच ओळखीच्या कोपऱ्यांवर तपासा. आणि अंतरं मोजायची म्हणजे यूटीएम प्रक्षेपण लागेल, म्हणजे पृथ्वीचे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. म्हणजे मुंबई, पुणे, संभाजीनगर, अगदी अमरावतीसुद्धा ४३ मध्ये आणि नागपूर ४४ मध्ये. विदर्भातले असाल तर पुण्याच्या मित्राकडून आलेली प्रोजेक्ट फाइल तशीच वापरू नका.

सॉफ्टवेअरला पैसे घालवायची गरज नाही. टेबलावर क्यूजीआयएस, मोबाइलवर त्याचंच जोडीदार अॅप क्यूफील्ड, माहिती जिओपॅकेज या प्रकारच्या फाइलमध्ये. एवढ्यावर काम भागतं.

आता मुख्य भाग. बहुतेक विद्यापीठांना महावितरणकडून उच्चदाबाची जोडणी एका ठिकाणी मिळते, समजा ११ केव्हीची. मीटरच्या पुढचं सगळं जाळं विद्यापीठाचं, म्हणून त्याचा नकाशाही बाहेर कुणाकडे नसतो. आतमध्ये ११ केव्हीच्या केबल, त्यावर आरएमयू (रिंग मेन युनिट, म्हणजे उच्चदाबाच्या स्विचांची पेटी), मग ट्रान्सफॉर्मर, एलटी म्हणजे लघुदाबाचं पॅनेल, फीडर पिलर आणि शेवटी इमारतीचं मेन बोर्ड. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि प्रत्येकीच्या नोंदीत एक रकाना ठेवा: 'पुरवठा कुठून'. त्यात फक्त वरच्या वस्तूचा क्रमांक. एवढ्या एका रकान्यावर कुठलाही पिलर बंद केला तर काय काय बंद पडेल याची यादी निघते.

११ केव्हीचं जाळं रिंगमध्ये असेल तर मात्र हा रकाना अपुरा पडतो. रिंग दोन्हीकडून भरता येते आणि कुठला स्विच उघडा ठेवलाय त्यावर वीज कुठून येते ते ठरतं. म्हणून तिथे आरएमयूचा प्रत्येक स्विच वेगळी वस्तू म्हणून नोंदवा, त्याची नेहमीची स्थिती लिहा, आणि केबलला वरची-खालची बाजू न ठरवता फक्त दोन टोकं द्या.

हा रकाना भरायचा कसा? कागदावरून भराल तर फसाल. आमच्याकडच्या एका पिलरचं दार उघडलं तेव्हा आत सहा स्विच-फ्यूज, कोपऱ्यात गांधीलमाशांचं पोळं आणि एका स्विचवर ऑइलपेंटने लिहिलेलं 'जुनी कॅन्टीन'. ती कॅन्टीन पाडून तिथे पार्किंग झालं होतं. पण टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावला तर केबलमधून करंट व्यवस्थित वाहत होता. त्या केबलला मधेच जॉइंट मारून बोअरवेलचा पंप आणि गेटवरची चौकी जोडली होती. ड्रॉइंगमध्ये ना पंप होता ना चौकी.

हे कुणी सांगितलं? निवृत्त वायरमनकाकांनी. तो जॉइंट त्यांनीच मारला होता. तुमच्याकडेही असे काका असतील. त्यांना मानाने बोलवा, चहा पाजा, आवारातून चालत फिरवा आणि विद्यार्थ्याला मोबाइल घेऊन त्यांच्यामागे ठेवा. ऑफिसात बसवून नकाशा दाखवला तर त्यांना फारसं आठवत नाही. जागेवर उभे राहिले की 'हितनं वळवली होती, मध्ये गुलमोहराचं मूळ आलं म्हणून' असं धडाधड निघतं. मग ते ठरवून घेतलेल्या शटडाऊनमध्ये पडताळायचं: एक स्विच बंद, कुठे कुठे अंधार झाला ते फोनवर विचारायचं. सुट्टीत केलं तर प्राध्यापक मंडळी ओरडत नाहीत. पिलर किंवा पॅनेल विद्यार्थ्यांनी कधीही उघडायचं नाही, परवानाधारक वायरमन सोबत हवाच.

केबलच्या मार्गासाठी केबल रूट लोकेटर मिळतो, जमिनीवरून फिरवून खालची केबल शोधायचं यंत्र. तीन-कोर केबलमध्ये तिन्ही फेजांचं चुंबकीय क्षेत्र बरंचसं एकमेकांना मारतं, त्यामुळे नुसतं चालू केबलवर फिरून तो नीट वाजेलच असं नाही. एका टोकाला ट्रान्समीटर जोडून सोडलेला सिग्नल शोधणं जास्त भरवशाचं. एकाच चरात चार केबल असतील तर सिग्नल शेजारणीवरही चढतो, तेव्हा थोडी साशंकता बाळगा. खोलीच्या बाबतीत आयएस १२५५ या भारतीय मानकानुसार ११ केव्हीची केबल ९० सेंटिमीटर आणि एलटी ७५ सेंटिमीटर खाली हवी. पण वरून दोनदा रस्ता झाला किंवा बागेची माती उपसली की तो हिशेब संपला.

म्हणून केबलच्या प्रत्येक तुकड्याला 'खात्री' नावाचा रकाना द्या. अमेरिकेतल्या एएससीई ३८ मानकात यासाठी चार दर्जे आहेत: नुसत्या कागदावरून, जमिनीवरच्या खुणांवरून, यंत्राने शोधलेलं, आणि प्रत्यक्ष उघडून पाहिलेलं. तेच उचला आणि नकाशावर चार रंग द्या. जेसीबीवाल्याला केबलच्या रेघेइतकाच तिचा रंगही दाखवायचा असतो. सापडलेला प्रत्येक जॉइंट वेगळा बिंदू म्हणून नोंदवा. केबल फॉल्ट बऱ्याचदा जॉइंटमध्येच निघतो, आणि फॉल्ट लोकेटर टोकापासून अमुक मीटर असं सांगतो तेव्हा आधी त्या अंतराजवळचा जॉइंट बघायचा. केबलची खरी लांबी नकाशावरच्या रेघेपेक्षा थोडी जास्त असते, टोकांना आणि जॉइंटपाशी वळसे ठेवलेले असतात.

बाकी माहितीचा हव्यास नको. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा स्पष्ट फोटो जोडला की निम्मे रकाने भरायची गरजच राहत नाही. क्षमता मात्र आकड्यात हवी. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टला सुमारे ६६७ अँपिअर देतो. त्याच्याशेजारी पॅनेलवरचा उन्हाळ्यातला कमाल करंट लिहिलेला असेल, तर कुठल्या विभागाने वीस एसी मागितले की उत्तर नकाशावरच मिळतं.

छतावरचे सोलर इन्व्हर्टर आणि डीजी (डिझेल जनरेटर) सेट विसरू नका. हे दोन्ही खालून वीज देणारे स्रोत. सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर आपोआप थांबायला हवा. पण चालू डीजीला तो ग्रिड समजू शकतो आणि डीजीचं चेंजओव्हर (ग्रिड की डीजी हे निवडणारा स्विच) चुकीचं जोडलेलं असलं तर 'बंद' म्हटलेल्या केबलवर माणूस दगावू शकतो. ज्या बोर्डाला दुसरा स्रोत आहे तो नकाशावर भडक रंगाने दाखवा.

नकाशा बनवायला परवानगी लागते का, असंही तुम्ही विचारलंय. केंद्राच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय संस्थांना नकाशासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. तरी आतल्या केबलचा नकाशा वेबवर सगळ्यांसाठी उघडा टाकू नका.

आणि निविदेत एक अट आत्ताच घालून घ्या: केबलचा चर बुजवण्याआधी मार्गाचे आणि जॉइंटचे बिंदू आरटीकेने घेऊन जिओपॅकेजमध्ये दिल्याशिवाय कंत्राटदाराचं अंतिम बिल पुढे जाणार नाही. आमच्याकडे ही अट आल्यापासून ठेकेदार स्वतःच फोन करतात, 'मॅडम, चर उघडा आहे, माणूस पाठवा.'