वाचक विचारतात : मुंबईतल्या शिवडीचे रोहित (फ्लेमिंगो)

प्रश्न : कॉलेज सुटल्यावर शिवडीला फ्लेमिंगो पाहायला गेलो, पण नुसता चिखल दिसला. काय चुकलं?

उत्तर : वेळ. पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्यामागे दूर सरकतात, आणि पूर्ण भरतीत चिखलच बुडतो म्हणून उडून जातात. भरतीच्या दोन-अडीच तास आधी किंवा नंतर जा.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. अष्टमी म्हणजे ८ × ३ ÷ ४ = ६, म्हणजे भरती साधारण सहाला, सकाळी आणि संध्याकाळीही. त्या दिवशी दुपारी साडेतीनला जेट्टीवर हजर राहा. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे जाते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही.

दुपारच बरी, जेट्टी पूर्वेला असल्याने सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं. हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरा. दुर्बीण ८ × ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. मोबाईलच्या झूमवर मात्र गुलाबी ठिपकेच येतील. गडद लाल चोचीचा तो छोटा रोहित; उंच, पांढुरका आणि चोचीचं फक्त टोक काळं असलेला मोठा. जानेवारी ते एप्रिल हमखास.