खाण्यावरच्या विद्यार्थी-फिल्ममध्ये माहितीपटाच्या पद्धती कशा वापराव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदुरात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहात, दहा मिनिटांची फिल्म करायची आहे, विषय भुट्ट्याचा कीस, म्हणजे किसलेल्या मक्याचा इंदुरी पदार्थ. एक आजीच्या स्वयंपाकघरातला आणि दुसरा सराफ्यातला, म्हणजे रात्री खाण्याचे ठेले लागतात त्या सराफा बाजारातला. सरांनी सांगितलंय की माहितीपटाच्या पद्धती दिसल्या पाहिजेत. मग मुलाखत, निवेदन, बी-रोल (बोलण्यावर लावायची जोडदृश्यं), पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या हे सगळं घालायचं का?

सगळं घालू नका. मी इंदुरातच माहितीपटांचं संकलन करते आणि विद्यार्थ्यांच्या फिल्म बऱ्याचदा माझ्याकडे येतात. त्यांत मुलाखत असते, निवेदन असतं, ड्रोनमधून दिसणारा राजवाडासुद्धा असतो. पण मुलाखत का आणि निवेदन का, हे विचारलं की उत्तर मिळत नाही. माझ्या मते कुठलीही पद्धत निवडताना एकच गोष्ट बघावी: या वाक्याची किंवा या दृश्याची हमी कोण घेतंय?

उदाहरण घ्या. खाण्यावरच्या फिल्ममध्ये एक वाक्य हमखास येतं, "हा पदार्थ मूळ आमच्या घरांतला, बाजारात नंतर गेला." हे आजी कणीस किसता किसता म्हणाली, तर ती तिची आठवण आहे आणि प्रेक्षक ती तशीच ऐकतो. तेच वाक्य तुम्ही निवेदनात घेतलंत की ते तुमचं विधान झालं. कोणी पुरावा मागितला तर द्यावा लागेल. आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत साल घालून लिहिलंत, तर बघणाऱ्याला वाटणार की तुम्ही कुठलातरी जुना कागद पाहिला आहे. शब्द तेच, वजन तीन वेगळी. पुरावा हाताशी नसेल तर ते वाक्य आजीच्या तोंडीच राहू द्या. शिवाय तिथे ते ऐकायलाही जास्त गोड लागतं.

निवेदनाबद्दल माझं मत जरा कडक आहे. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं थिएटरात मुख्य चित्रपटाआधी त्यांचे माहितीपट लागायचे. त्यातला तो भारदस्त, सगळं जाणणारा आवाज आपल्या कानांत इतका बसलाय की माहितीपट म्हटलं की विद्यार्थी आपोआप तोच आवाज काढतात. "माळव्याच्या या समृद्ध भूमीत..." अशी सुरुवात झाली की मी पुढचं वाक्य न ऐकताच सांगू शकते. धरणाच्या किंवा साथीच्या रोगाच्या फिल्मला असं निवेदन लागतं, कारण तिथे आकडे आणि क्रम सांगायचा असतो. कीस कसा होतो हे मात्र डोळ्यांना दिसतंच, त्यावर बोलण्याची गरज नाही. जे दिसत नाही आणि कोणी बोलणारही नाही, तेवढ्यासाठीच निवेदन ठेवा. दहा मिनिटांत अशी चार-पाच वाक्यं निघाली तरी पुष्कळ.

आता कॅमेरा स्वतः हमी घेतो ती जागा. दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं, थांबून थांबून एकेक फ्रेम घेत, आणि ते दाखवून भांडवल मिळवलं. त्यात ना कथा, ना नट. एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर घडते, एवढंच. खाण्यावरच्या फिल्मला याहून मोठा आधार नाही. कीस हा त्यासाठी अगदी योग्य पदार्थ आहे, कारण त्याचं रूप टप्प्याटप्प्याने बदलतं. कोवळं कणीस किसणीवर घासलं की दुधाळ रस परातीत उतरतो. तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची पडते. किसलेला मका आधी गोळा होऊन कढईला चिकटतो, मग कच्चा वास जाईपर्यंत परतत राहावं लागतं, मग दूध, मग झाकण, आणि हळूहळू तो मोकळा, रवाळ व्हायला लागतो. परतण्याचा तो कंटाळवाणा वाटणारा वेळ कापून टाकू नका. निदान एक शॉट चाळीस-पन्नास सेकंद न तोडता ठेवा. हात दुखला म्हणून आजीने उलथनं दुसऱ्या हातात घेतलं तर तेही येऊ द्या. कष्ट म्हणजे काय हे त्या एका शॉटमध्ये कळतं, मुलाखतीत "खूप मेहनत असते हो" म्हटल्याने कळत नाही.

घरचं आणि बाजारचं शूटिंग सारखं करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या. सराफ्यात एकामागून एक घाणे निघतात. पहिल्या घाण्याला लांबून, दुसऱ्याला हातांचा क्लोजअप, तिसऱ्याला चेहरा, चौथ्याला फक्त आवाज, असं सावकाश घेता येतं आणि संकलनात ते जुळतंही. यात काही फसवणूक नाही, कारण तो माणूस रोज तेच करतो. आजी मात्र एकदाच करणार, आणि फोडणी एकदाच पडणार. तिथे दोन कॅमेरे ठेवा, दोन फोन असले तरी चालतील: एक स्टँडवर स्थिर, पूर्ण ओटा दिसेल असा, आणि दुसरा तुमच्या हातात. "आजी, पुन्हा एकदा फोडणी घाल ना" हे शक्यतो म्हणू नका. दुसऱ्यांदा ती कॅमेऱ्यासाठी करते आणि ते लगेच दिसतं.

पुन्हा करून घेण्यावरून अमेरिकन माहितीपटकार रॉबर्ट फ्लॅहर्टीची आठवण होते. त्यांच्या 1922 च्या, उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांवरच्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’मध्ये बर्फाचं घर नेहमीपेक्षा मोठं आणि एका बाजूने उघडं बांधलं होतं, कारण आत कॅमेऱ्यापुरता उजेड नव्हता. शिकारीला बंदूक वापरणारी माणसं त्यात जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार करताना दिसतात. शंभर वर्षं त्यावर वाद चालू आहे. तुमच्याकडे हा प्रश्न असा येईल: समजा आजी आता गॅसवर आणि मिक्सरमध्ये कीस करते, पण चूल आणि किसणी पडद्यावर जास्त छान दिसते. मांडायची का चूल? मांडायचीच असेल तर ते फिल्ममध्ये कळू द्या. "पूर्वी कसं करायचीस ते दाखव ना" हा तुमचा प्रश्न आवाजासकट ठेवा, की झालं. मला विचाराल तर मिक्सरच ठेवा. लोकमान्यनगरातल्या फ्लॅटमधलं आजचं मराठी स्वयंपाकघर कोणी टिपून ठेवत नाही, चुली सगळ्यांनी टिपल्यात.

सराफ्यात अडचण उलटी आहे. तिथे दिवसा दागिन्यांची दुकानं आणि रात्री त्यांच्याच ओट्यांवर, दारांत खाण्याचे ठेले. तिथले बरेच विक्रेते कॅमेऱ्याला सरावलेत. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणं हा तर तिथला प्रसिद्ध खेळ. तो टाळायचं कारण नाही, तो सराफ्याचाच भाग आहे. फक्त फ्रेम थोडी मोठी करा, म्हणजे समोर वर केलेले दहा-बारा फोनही दिसतील. तेवढ्याने ते दृश्य खरं होतं. पण माझा सल्ला विचाराल तर सराफ्यात लवकर जा. सोन्याच्या दुकानांची शटरं पडत असतात आणि ठेले लागत असतात, ती मधली वेळ खाण्यावरच्या व्हिडिओंत क्वचितच दिसते, सगळे गर्दी झाल्यावर येतात. शटर ओढल्याचा आवाज, ओटा पुसणं, शेगडी पेटवणं, मक्याचं पातेलं डोक्यावरून येणं. आणि जमलं तर शेवटपर्यंत थांबा. 2017 पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलेलं हे शहर रात्री झाडलं कसं जातं, तेही याच गल्लीत दिसतं. रात्रीचं शूटिंग आहे, चौघं मिळून जा आणि घरी सांगून जा.

मुलाखत समोर खुर्चीवर बसवून, मागे पुस्तकांचं कपाट ठेवून घेऊ नका. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. कणसाची सालं काढताना, कोथिंबीर निवडताना विचारा. "कीस कसा करतात?" असं विचारलंत तर पाककृती मिळेल, आणि ती दिसतेच आहे. "पहिल्यांदा कढईला लागला तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या?" असं विचारलंत तर घर मिळेल. तुमचा प्रश्न कापणार असाल तर उत्तरात प्रश्नातले शब्द घेऊन बोलायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर "हो, तेव्हापासूनच" अशी अर्धी वाक्यं हातात राहतात. आणि आजी मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत गेली तर थांबवू नका. आपण सगळे इंदूरकर तसंच बोलतो. खाली मराठी सबटायटल द्या.

एका गोष्टीची हमी कोणीच घेऊ शकत नाही, ती म्हणजे चव. पहिला घास, मिटलेले डोळे, "वाह भिया!" हा शॉट व्लॉगसाठी ठीक आहे, माहितीपटात तो कशाचाच पुरावा नाही. चवीच्या जवळ नेणारी खरी गोष्ट आवाज आहे आणि विद्यार्थी नेमकं तिथेच हात आखडता घेतात. फोडणी, किसणी, झाकणाखालची वाफ हे आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा दुसऱ्या फोनवर, हातभर अंतरावरून घ्या, पंखा आणि फ्रिज बंद करून. निघण्याआधी अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा आवाज घ्या. संकलनात सांधे झाकायला तो लागतोच. मग किसणीची खरखर आजीच्या चेहऱ्यावर आधी सुरू करा आणि किसणी नंतर दाखवा. इंटरनेटवरून उतरवलेला तळणीचा चुर्र आवाज मात्र लावू नका. जाहिरातीत आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा आणि थेंबांसाठी ग्लिसरीन चालतं, कारण तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की ही जाहिरात आहे. तुमच्या फिल्मवर तेवढा संशय कोणी घेत नाही, म्हणूनच तुम्ही जपायचं.

तांत्रिक दोन-तीन गोष्टी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे फोनवर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, नाहीतर ठेल्यांवरचे एलईडी पडद्यावर लुकलुकतात. संथगती हवी असेल तर 100 फ्रेम आणि 1/100 शटर, 120 नको. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा रंग जुळवतो ती सेटिंग, लॉक करा. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब यांच्यामध्ये कीस एकदा केशरी आणि एकदा हिरवट दिसायला लागतो आणि नंतर दुरुस्त करताना त्वचेचा रंग बिघडतो. वाफेने लेन्स धुरकटते, सुती फडकं खिशात ठेवा.

ठेलेवाल्यांची परवानगी घ्या, कॅमेऱ्यावर तोंडी घेतलीत तरी विद्यार्थी-फिल्मला बहुतेक वेळा चालते, पण कॉलेजचा छापील फॉर्म असेल तर तोच भरून घ्या. आजीला आणि त्यांना कच्चं संकलन दाखवा. ‘हे वाक्य नको’ असं कोणी म्हणालं तर काढा.

आणि वेळापत्रक आजच ठरवा. कोवळं, दुधाळ कणीस मिळतं ते पावसाळ्यात. फिल्म जानेवारीत द्यायची असेल तरी स्वयंपाकघराचं शूटिंग ऑगस्ट-सप्टेंबरात उरकून घ्या, निबर कणसाचा कीस पडद्यावरही कोरडा दिसतो. तोवर जमलंच नाही तर विषय बदलून गराडू, म्हणजे तळून खायचा कंद, घ्या. थंडीत सराफ्यात ते कढईतून निघताना दिसतात, आणि एकदा तळून काढलेले तुकडे पुन्हा तळून वर मसाला पडेपर्यंतचा सगळा क्रम कॅमेऱ्यासमोरच घडतो.